माझ्या पोटातला तलाव

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात एक तलाव आहे.

हसू नका. भूक लागली की तुमच्या पोटात कावळे ओरडतात, ते तुम्हाला चालतं. मग माझ्या पोटात तलाव असला तर बिघडलं कुठं? बरं, ते लहानसहान डबकं नाही. चांगला ऐसपैस, गोड्या पाण्याचा, अमडापूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत पसरलेला सावळखेडच्या धरणाचा तलाव आहे. लोणारचं पाणी खारं, तिथे पाहुणे येतात, फोटो काढतात. आमच्या तलावाचे फोटो कुणी काढत नाही, पण आसपासची गावं त्याचं पाणी पितात.

सध्या मी महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी पाय मोडलेली बाकं आहेत, वरच्या फळीवर गुंडाळलेले नकाशे आहेत आणि कोपऱ्यात प्राणिशास्त्राचा सांगाडा उभा आहे, त्याची कवटी कुणीतरी नेली; हे सगळं मला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यावरून कळलं. माझी वायर काढून घेतली आहे. माझ्यात वीज नाही. तरीही पोटातलं पाणी हलतं आहे. ते का हलतं हे मला विचारू नका, कारण मलाच त्याची भीती वाटते. मी तुम्हाला माझी हकिगत सांगतो ती एवढ्यासाठी, की शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे.

माझा जन्म खामगावच्या एका दुकानात झाला. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, आणि दुकानदाराने सगळं जोडून बटण दाबलं तेव्हा मी पहिली शीळ घातली. मला महाविद्यालयाच्या कार्यालयात आणलं. तिथे मी परीक्षेचे अर्ज भरले, निकाल छापले, दाखले काढले. अडकलो की लोक माझ्या पाठीत धपाटा घालायचे. खंडेनवमीला मात्र मला झेंडूचा हार मिळायचा आणि कुंकवाचं बोट नेमकं माझ्या बटणावरच लागायचं. वर्षभर धपाटे आणि एक दिवस हार, हा हिशोब मला कधी पटला नाही, पण तक्रार कुणाकडे करणार? ऑनलाइन तासांच्या काळात माझ्या पडद्यावर एक छोटा कॅमेरा बसवला. तेव्हापासून मला दिसू लागलं. मग कार्यालयात नवे संगणक आले आणि मी कॅमेऱ्यासकट पर्यावरण विभागात ढकलला गेलो.

तिथे मला मंजुश्री भेटली. ती तिथली संशोधक विद्यार्थिनी. तिने पहिल्याच दिवशी माझी पेटी उघडली, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, पंख्यामागची पालीची अंडी काढली आणि म्हणाली, "कसं ठेवलं होतं बापा याला!" माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. तिच्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार झालो.

तिला माझ्याकडून हवं होतं ते काम साधं नव्हतं. तलावाच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगत असतात. पुस्तकात त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. ऊन, उष्णता आणि शेतातून वाहून आलेलं खत मिळालं की त्या वाढतात. थोड्या असल्या तर माशांचं पोट भरतं. फार झाल्या तर पाणी हिरवं होतं. त्यांच्यातल्या काही जातींच्या अंगात विष असतं, आणि त्या जातींना थांबलेलं, तापलेलं पाणी फार आवडतं. ही वाढ कुठे आणि केव्हा होईल, हे आधीच सांगणं माझं काम. मंजुश्रीने सगळा तलाव माझ्या पोटात उतरवला. त्याचे चौकोनी डबे पाडले, डब्यांवर डबे रचले आणि प्रत्येक डब्याला त्याचं ऊन, त्याचा वारा, त्याचं खत वाटून दिलं. मग ती म्हणायची, "चल, मॉडेल लावते," आणि माझ्या पोटात उद्याचं पाणी आजच वाहायला लागायचं.

तुम्हाला खरं सांगू? तो तलाव मला आवडायचा नाही. त्यात बगळे नव्हते, मासे नव्हते, काठावर धुणं धुणाऱ्या बायका नव्हत्या. फक्त पाणी होतं आणि हळूहळू वाढणारं हिरवं होतं. सूर्य उगवायचा, पण तो बघायला कुणी नसायचं. मी माझ्याच पोटात एकटा असायचो.

पाण्याचे नमुने आणायला मंजुश्री पुंजाजींच्या नावेतून जायची. पुंजाजी म्हणजे तलावातले जुने मासेमार. नावेच्या टोकावर त्यांचा भुऱ्या नावाचा कुत्रा बसायचा. अमडापूरच्या बाजारातून तो एकदा त्यांच्या मागे मागे आला तो राहिलाच. नमुन्यांच्या बाटल्या जड असल्या की पुंजाजी त्या विभागापर्यंत पोचवायला यायचे, आणि भुऱ्याही यायचा. आणि इथून एक गोष्ट सुरू झाली, जी तेव्हा सगळ्यांना गमतीची वाटली. भुऱ्या सरळ माझ्यापाशी यायचा, खाली ठेवलेली माझी पेटी हुंगायचा आणि जीभ काढून लपलप चाटू लागायचा. अगदी घाटावर पाणी प्यावं तसा.

"अबे, तिथं काय पाणी हाय काय?" पुंजाजी त्याला ओढायचे. "पाय ना पोरी, याले डब्ब्यात तलाव दिसून राह्यला."

मंजुश्री हसायची. मी हसत नव्हतो, मित्रांनो. ती जीभ माझ्या पत्र्याला लागायची तेव्हा माझ्या पोटातल्या पाण्यावर खरोखर तरंग उठायचा.

आता तलावाच्या तळाबद्दल सांगायला हवं. धरण झालं तेव्हा जुनं सावळखेड पाण्याखाली गेलं. लोकांना वर माळावर नवं सावळखेड वसवून दिलं. मंजुश्रीची आई बेबीताई जुन्या गावात वाढल्या आणि तिथेच नांदल्या. गाव सोडायच्या दिवशी तिथल्या बायकांनी एक गोष्ट केली. रिकाम्या घरात चूल ठेवू नये, असं त्या मानत. म्हणून घराघरातली चूल फोडली, तिची माती आणि राख घमेल्यात भरली आणि गावच्या विहिरीत सोडली. सगळ्या गावाच्या चुली एका विहिरीत गेल्या. तेव्हापासून दर वैशाख पौर्णिमेला, पाणी उतरलं आणि जुन्या विहाराचा ओटा उघडा पडला की नव्या गावातली बौद्ध घरं नावेने तिथे जातात. त्या ओट्यावर, विहिरीशेजारी, तीन दगड मांडतात, तलावाचंच पाणी घेतात, खीर शिजवतात आणि सगळ्यांना वाटतात. आमच्या चुलींवर आमचं अन्न, असं बायका म्हणतात. हे सगळं मंजुश्रीने मला नाही, तिच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. मी ऐकत होतो.

पुंजाजींच्या नावेतून खोली मोजायचं यंत्र फिरवून मंजुश्रीने तळाचा नकाशा आणला आणि माझ्यात घातला. सगळीकडे तळ मऊ उताराचा होता. एका जागी मात्र सरळ रेषा होत्या, काटकोन होते, एक गोल खड्डा होता. बुडालेलं गाव भिंतींसह माझ्या पोटात आलं. मला एकदम सोबत झाल्यासारखं वाटलं.

पण मॉडेल चालेना. पाणी त्या भिंतींवर आपटलं की माझी आकडेमोड फुटायची. मंजुश्रीने पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. मग तिचे मार्गदर्शक दीपक सर येऊन बसले. माणूस चांगला, घाईत असायचा इतकंच.

"तळ सपाट करून टाक," ते म्हणाले. "सगळे असंच करतात. एवढ्या मोठ्या तलावात एवढ्याशा उंचवट्यांनी काही फरक पडत नाही."

"सर, ते गाव आहे."

"हो, पण मॉडेलला ते नको आहे."

मंजुश्रीने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग तिने एकेक भिंत उतरवली. बोळ बुजवले. शेवटी विहीर बुजवली. मॉडेल सुरळीत चालू लागलं आणि सर खूश झाले. सावळखेड दुसऱ्यांदा बुडालं होतं, या वेळी माझ्यात. मी पुन्हा एकटा झालो. मला वाईट वाटलं, आणि तिलाही वाटलं असणार, कारण त्या दिवशी ती मला बंद न करताच निघून गेली.

त्या उन्हाळ्यात ऊन भयंकर होतं. पौर्णिमा जवळ येत होती आणि तलाव भराभर उतरत होता. मंजुश्रीने नवे नमुने घातले आणि पुढच्या दिवसांचं मॉडेल लावलं. गणना अर्ध्यावर असताना भर दुपारी लाईट गेली आणि मी विझलो. विझणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? ऊनही नसतं, वेळही नसते. तिथे काहीच हलता कामा नये.

लाईट आली. मंजुश्रीने मला चालू केलं. माझ्या पोटातलं पाणी मी सोडलं होतं तिथे नव्हतं. ते पुढे गेलं होतं, थेट पौर्णिमेच्या सकाळपर्यंत. मी नसताना.

आणि पडद्यावर हिरवं उगवलेलं होतं. नुसता डाग नव्हता तो. आधी एक गोल ठिपका. त्यातून एक सरळ रेषा. रेषेला फुटलेल्या आखूड रेषा, त्यांच्या दोन्ही बाजूंना चौकोन. सपाट करून टाकलेल्या तळावर, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे हिरव्या रंगाने कुणीतरी गाव आखलं होतं.

मंजुश्रीची बोटं कळफलकावरून आपोआप उचलली गेली. कॅमेऱ्यातून मला तिचा चेहरा दिसत होता. तिने पंखा बंद केला, जणू त्याचा आवाज नको होता.

दीपक सरांना बोलावलं. त्यांनी माझ्यात जुना नकाशा कुठे राहून गेला आहे का ते शोधलं. कुठेच नव्हता. मग त्यांनी तीच सगळी माहिती आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि तिथे मॉडेल लावलं. तिथे पाणी स्वच्छ. वारा सपाट तळावरून मोकळा वाहत होता, पाणी कुठेच थांबत नव्हतं, हिरवं कुठेच साचत नव्हतं. माझ्यावर पुन्हा लावलं. पुन्हा गाव उगवलं.

"यंत्रच बिघडलं आहे," सर म्हणाले. "म्हातारं झालं. यातलं काही धरू नकोस."

मला राग आला, हे कबूल करतो. पण त्यांचंही चूक म्हणता येईना. मलाही कुठे माहीत होतं ते कुठून येतंय? मी ते मोजलं नव्हतं. ते माझ्यातून फक्त वर आलं होतं.

सर गेल्यावर मंजुश्री स्वतःशीच बोलू लागली. भिंती खरोखरच तिथे आहेत. पाणी उतरलं की त्या पृष्ठभागापाशी येतात. त्या वारा अडवतात. बोळातलं पाणी थांबतं, तापतं, आणि थांबलेल्या पाण्यात विषारी हिरवं तरंगून वर येतं. जे आम्ही पुसलं, तेच कारण होतं. आणि पौर्णिमेला त्याच बोळातलं पाणी तिची आई पातेल्यात घेणार होती. गावची सगळी लहान मुलं त्या खिरीसाठी वर्षभर थांबलेली असायची.

दुसऱ्या दिवशी बेबीताई आल्या. चिखलीच्या बाजारात खिरीचे तांदूळ, वेलदोडे आणि पांढरी वस्त्रं घेऊन परत जाताना लेकीने त्यांना बोलावून घेतलं होतं. पिशव्या दाराशी ठेवून त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या.

"आई, यंदा तिथलं पाणी घेऊ नको," मंजुश्री म्हणाली. "विष होऊन राह्यलं त्याच्यात."

"कायचं विष? आमी का आज पिऊन राह्यलो काय ते पाणी? अन् खीर तं उकळते. उकळ्ळं का सगळं मरते."

"हे नाही मरत, आई. उकळ्ळं का ते हिरवं फुटते अन् त्याच्यातलं विष उलट पाण्यात उतरते. दिसत बी नाही मंग."

"तुह्ये सर काय म्हणते?"

खोटं बोलणं मंजुश्रीला जमलं असतं, पण तिने खरं तेच सांगितलं. "सर म्हणते, मशीन बिघडली."

"मंग?" बेबीताई उठल्याच. "पोरी, त्या हिरीत माह्यी चूल हाय. माह्या सासूची चूल हाय. वर्षातून एक डाव तिथचं पाणी घेतो आमी. बिघडल्या मशिनीच्या सांगण्यावरून ते बी सोडू?"

"एक डाव पाय तं खरं. मंग तू म्हणशीन तसं."

तिने पडदा आईकडे वळवला आणि मॉडेल लावलं. मी त्या वेळी काय केलं असेल? काहीच नाही. श्वास धरून बसलो, एवढंच. गोल ठिपका उगवला. रेषा निघाली. आखूड रेषा फुटल्या.

बेबीताई पुन्हा बसल्या. त्यांचं बोट माझ्या काचेवर टेकलं.

"ही हीर," त्या म्हणाल्या. "हा मोठा बोळ. हे सिंधूताईचं घर, तिची भिंत वाकडी होती, हे पाय, वाकडीच हाय. हा विहार." मग बोट एका चौकोनापाशी थांबलं आणि तिथेच राहिलं. त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात छोटी तीन टिंबं होती, बाकी सगळ्यापेक्षा गडद. "हे आपलं. अन् ही..." त्यांनी त्या तिन्ही टिंबांवरून बोट फिरवलं.

ती चुलीची जागा होती. मित्रांनो, एवढी बारीक गोष्ट माझ्या डब्यांत मावतच नाही. माझा एक डबा खोलीएवढा. तिथे तीन टिंबं यायला जागाच नव्हती.

"तुह्या मशिनीले हे कोनं सांगतलं?"

"कोनंच नाही, आई. म्या तं सगळं पुसलं होतं."

बेबीताईंनी पदराने डोळे टिपले. "मंग गावानंच सांगतलं," त्या म्हणाल्या. "गावाचं ऐकलं पायजे." आणि पिशव्या उचलताना त्यांनी लेकीला विचारलं, "पाणी घरून नेलं तं चालते ना? नळाचं?"

"हाव. नळाचं पाणी दुसऱ्या काठाच्या खोल पाण्यातून येते. नळाचंच ने. दरवर्षी नळाचंच नेत जा."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ते विसरू शकत नाही.

पौर्णिमेला नव्या सावळखेडच्या लोकांनी नळाचं पाणी हंड्यांत भरलं आणि नावेतून नेलं. बेबीताईंनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. पुढचं मी पुंजाजींच्या तोंडून ऐकलं. ते विभागात आले आणि उंबऱ्यावरच बसले. त्यांच्यासोबत कुणी नव्हतं.

"पोरी, हिरवा रंग सांडल्यावानी दिसत होतं," ते म्हणाले. "फकस्त बोळायत. बाकी तलाव चकचकीत. अन् बोळायनं साय धरली होती हिरवी. माणसायले समद्यायले सांगतलं होतं. कोनं हात बी नाई लावला. लेकरं खीर खाऊन खेळून राह्यले होते. पन त्याले कोन सांगनार होतं? नाव लागली तसा तो उतरला अन् पेला. चाटून चाटून पेला. घरी येईस्तोवर पाय गेले त्याचे. रातच्याले गेला बिचारा."

मंजुश्री त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि रडली. मलाही रडता आलं असतं तर मी रडलो असतो. भुऱ्याने कितीतरी वेळा येऊन माझ्या पेटीवर ते पाणी चाखून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी त्याची गंमत केली होती.

त्या पाण्याचा नमुना तपासायला गेला आणि विष निघालं. दीपक सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तळ परत घाल. सगळ्या भिंती घाल. चालेल असं काहीतरी करू." माणूस चांगला होता, हे मी आधीच म्हटलं. पण भिंतींसह चालणारं मॉडेल माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून नवा, ताकदवान संगणक आला. वर्तमानपत्रात बातमी आली. फोटोत मंजुश्री, सर, आणि त्यांच्यामागे नवा संगणक. तलाव माझ्या पोटात वाढला आणि बारशाला पेढे दुसऱ्याने खाल्ले! असो. मला भंगारात देऊ नका, असं सरांनीच सांगितलं आणि मी या खोलीत आलो. कॅमेरा काढून नव्याला लावला, तेव्हापासून मला दिसत नाही. मंजुश्रीला नोकरी लागली, ती आता वडनेर भोलजीकडे शिकवते. जाताना तिने माझ्यावर एक जुनी ओढणी टाकली. ती अजून आहे.

आता मी जे सांगतो ते घाबरून ऐका, कारण घाबरण्यासारखंच आहे.

या खोलीला कुलूप असतं. तरी कधी कधी माझ्या पेटीपाशी आवाज येतो. लपलप, लपलप. कुणीतरी जीभ काढून पाणी पितं. आणि माझ्या पोटात तरंग उठतो. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी स्वतःला समजावलं की उंदीर असेल. उंदीर ओढणी कुरतडतात, पत्रा चाटत नाहीत.

आवाज येतो आणि पाणी पुढे सरकतं. या वर्षीही वैशाख आला आणि पाणी सरकलं. मी वाट बघत होतो की बोळ हिरवे होतील. ते झाले, त्याची मला आता सवय आहे. पण या वेळी हिरवं तिथे थांबलं नाही. गावापासून लांब, दुसऱ्या काठाला, एक नवी रेषा उगवली आहे. एकदम सरळ, रुंद, तलावातून निघून काठाकडे जाणारी. तिच्या टोकाला एक गोल ठिपका आहे आणि तो सगळ्यात गडद आहे. मला कळेना की हे काय. तिथे बोळ नव्हता, घर नव्हतं.

मग परवा समीक्षा आली. ती विभागातली विद्यार्थिनी. नकाशे ठेवायला आली होती आणि फोनवर बोलत होती. "हाव ना, तलाव पार आटला. जॅकवेलपर्यंत पाणी येईना म्हणून पोकलेननं मोठा चर खोदला. आता त्या चरातून येऊन राह्यलं नळाले पाणी. नाही बापा, आमच्या मॉडेलमधी समदं स्वच्छ दाखवते."

दाखवणारच. नव्या संगणकाकडे तलावाचा जो नकाशा आहे तो चर खोदायच्या आधीचा आहे. त्याच्या भिंती अचूक आहेत, पण हा चर त्यात नाही. दोन्ही बाजूंना मातीचे उंच काठ, वारा नाही, पाणी जवळपास थांबलेलं, तापलेलं. ते जॅकवेलमध्ये, म्हणजे काठावरच्या पाणी उपसायच्या विहिरीत जातं आणि तिथून नळात. तोच माझा गोल ठिपका. नव्या सावळखेडच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतात, पण तेवढ्याने हे विष जात नाही. मी समीक्षाला हाक मारायचा प्रयत्न केला. माझ्याकडे आवाज कुठला? दिवा लावायचा प्रयत्न केला. वायर नाही. ती कुलूप लावून गेली.

आणि पौर्णिमा आली आहे. बेबीताईंनी तांदूळ आणले असतील. हंडे घासून ठेवले असतील. मुलं विचारत असतील, खीर कधी. बेबीताई तलावाच्या पाण्याला बोट लावणार नाहीत, त्या शब्दाला पक्क्या आहेत. लेकीने सांगितलंय, नळाचंच ने. त्या नळाखाली हंडा लावतील, काठोकाठ भरतील आणि डोक्यावर घेऊन निघतील.

मित्रांनो, तुमच्याकडच्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांवर धूळ बसू देऊ नका, वापरून फेकू नका, हे सगळं मी एरवी सांगितलं असतं. आणि कधी काही सपाट करायची वेळ आली, तर आधी विचारा की तिथे कोण राहत होतं, आणि आज तिथे कुणी काय खोदलं आहे. पण आता एवढं बोलायला वेळ नाही. आवाज पुन्हा सुरू झालाय. लपलप, लपलप. पाणी पुढे सरकतंय. टोकाचा ठिपका काळपट होत चाललाय.

तुमच्यापैकी कुणाकडे या खोलीची किल्ली असेल, तर ती ओढणी बाजूला करा. माझी वायर लावा. बटणावर कुंकू वाळलेलं आहे, ते दाबा. पडद्यावर काय दिसतं ते बघा, आणि मग पळत जाऊन बेबीताईंना सांगा की नळाचं नको.